विद्यापीठाचा नंबर कसा लागतो

४ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ क्रमवारी जाहीर झाली आणि पुण्यात हळहळ सुरू झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या यादीत २३ वरून ५६ वर घसरलं होतं. २०२० मध्ये ते नवव्या क्रमांकावर होतं, २०२२ मध्ये बाराव्या, २०२३ मध्ये एकोणिसाव्या. म्हणजे उतरण जुनीच, या वेळी पाय जरा जास्त घसरला. त्याच शहरातलं सिंबायोसिस मात्र ३१ वरून २४ वर चढलं. अधिसभेत, स्टाफरूममध्ये आणि टपरीवर प्रश्न एकच: एका वर्षात असं झालं तरी काय?

एका वर्षात फार काही होत नसतं. क्रमांक ज्या हिशेबातून निघतो तो हिशेब, आणि विद्यार्थी, पैसा, प्राध्यापक मिळवण्याच्या प्रत्येकाच्या वाटा, हे शेजारीशेजारी ठेवले की कोडं बरंचसं सुटतं.

आधी स्पर्धक कोण ते पाहू. ‘विद्यापीठ’ ही पाटी आज मुख्यतः तीन प्रकारच्या संस्थांवर दिसते. पहिली राज्य शासनाची सार्वजनिक विद्यापीठं: मुंबई १८५७ चं, पुणे १९४९ चं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. दुसरी अभिमत विद्यापीठं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ खाली केंद्राने तो दर्जा दिलेल्या संस्था. भारती विद्यापीठाला तो १९९६ मध्ये मिळाला, सिंबायोसिसला २००२ मध्ये. (टाटा समाजविज्ञान संस्था आणि गोखले संस्थाही अभिमतच, त्यामुळे अभिमत म्हणजे शिक्षणसम्राटांचं, हे समीकरण सरसकट लागू होत नाही.) तिसरी स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं, विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेली. महाराष्ट्रात ही जमात गेल्या दहाबारा वर्षांतली.

या तिघांचं मूळ मात्र बऱ्याच अंशी एकच आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढची तीस वर्षं ही महाविद्यालयं सार्वजनिक विद्यापीठांना संलग्न राहिली. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पदवीवर शिक्का विद्यापीठाचा, आणि त्याबदल्यात संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क विद्यापीठाच्या तिजोरीत. मग मोठ्या संस्थांना ही भाडेकरूची भूमिका नकोशी झाली. १९८३ मध्येच सुरू झालेल्या पुण्याच्या एमआयटीने २०१७ मध्ये स्वतःचं विद्यापीठ केलं. मुंबईत सोमय्या संकुलाने २०१९ मध्ये तेच केलं. सार्वजनिक संस्थांनीही घर सोडलंच. माटुंग्याची यूडीसीटी मुंबई विद्यापीठातून निघून २००८ मध्ये आयसीटी नावाने अभिमत झाली, आणि सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. वैद्यकीय महाविद्यालयं तर १९९८ मध्येच नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली होती. कर्ते मुलगे एकेक करून वेगळे निघाले आणि थोरल्या वाड्याची डागडुजी मात्र जुन्याच उत्पन्नावर, अशी ही अवस्था. क्रमवारीच्या वेळी ती कशी बाधते, ते पुढे येईलच.

आता विद्यार्थी. इथली पहिली लढाई दर्जाची नसते, तारखांची असते. खासगी विद्यापीठाचा अर्ज बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आसपासच दिसू लागतो. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा, तीही घरबसल्या किंवा सोयीच्या तारखेला, आणि निकाल हातोहात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर अनेक मुलांच्या ईमेलमध्ये ‘अभिनंदन’ येऊन पडलेलं असतं आणि जागा राखायला अमुक तारखेच्या आत अमुक रक्कम भरा, असा निरोपही. दुसरीकडे सीईटी कक्षाची एमएचटी-सीईटी एप्रिल-मेमध्ये, निकाल जूनमध्ये आणि कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबतात. एवढे महिने पोटात गोळा घेऊन थांबायची तयारी प्रत्येक घराची नसते. खासगी विद्यापीठं जी पहिली गोष्ट विकतात, ती ही निश्चिंती.

पुढे कॅपमध्ये चांगलं महाविद्यालय मिळालं की आधी भरलेले पैसे अडकतात. यूजीसीने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत करण्याचा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत फार तर एक हजार रुपये कापण्याचा नियम केला होता. नियम कागदावर स्पष्ट असला, तरी परतावा मागायला गेलेल्या पालकाला खिडक्या किती फिराव्या लागतात, ते ज्याने मागितलाय त्यालाच विचारावं.

सार्वजनिक विद्यापीठांनी वेळापत्रकात स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतल्याचं मोठं उदाहरण २०१७ चं. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी एकदम सगळीकडे सुरू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्या ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवण्यात आलं. ज्यांचे पुढचे प्रवेश त्या निकालावर अवलंबून होते, त्यांनी हे घरी धाकट्या भावंडांना सांगितलंच असणार.

दुसरी लढाई फीची, आणि इथे पारडं उलट झुकतं. सार्वजनिक विद्यापीठाच्या विभागात एम.ए.ला वर्षाला काही हजार लागतात. संलग्न विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. पुण्यातल्या खासगी विद्यापीठात बी.टेक.साठी वर्षाला तीन लाखांच्या पुढचा आकडा आता कुणाला दचकवत नाही. यात एक मेख आहे, जी माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत नसते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळलेली आहेत. समजा लातूरच्या एका शिक्षकाच्या मुलीपुढे दोन पर्याय आहेत: कॅपमधून मिळालेलं संलग्न महाविद्यालय आणि पुण्याचं चकचकीत खासगी विद्यापीठ. पहिल्या पर्यायात शिक्षण शुल्क शून्य, दुसरीकडे चार वर्षांचे बारा लाख, वसतिगृह वेगळं. तिच्या भावाला हाच हिशेब वेगळा येईल. एकाच घरातली दोन मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या संस्थांत दिसतात, त्यामागे कधीकधी एवढंच असतं.

तिसरी लढाई जागांची. पूर्वी एका शाखेत किती विद्यार्थी घ्यायचे याला तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) कमाल मर्यादा होती. २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी ती उठली. मागणी आहे तिथल्या कॉम्प्युटरच्या तुकड्या फुगल्या आणि ही मुलं ज्या लहान महाविद्यालयांत गेली असती, तिथले वर्ग ओस पडू लागले. विनाअनुदानित संस्थेत रिकामा बाक म्हणजे कुणाचा तरी थकलेला पगार. तिथले प्राध्यापक मे महिन्यात बारावीच्या मुलांच्या घरी का जातात, त्याचं उत्तर हेच. सार्वजनिक विद्यापीठातल्या कायम प्राध्यापकाचा पगार राज्य शासन देतं, वर्गात चाळीस मुलं असोत वा चौदा. याने त्याला अभ्यासाचं स्वातंत्र्य मिळतं, कबूल. पण मुलं का कमी झाली, हे विचारायची निकडही त्यानेच संपते.

आता क्रमांकाकडे. एनआयआरएफची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि पहिली यादी २०१६ मध्ये आली. विद्यापीठांसाठी शंभर गुणांची ढोबळ वाटणी अशी: अध्यापन आणि साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, पदवीधरांच्या निष्पत्तीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. माहिती बहुतांशी संस्थाच भरून देते. शोधनिबंध मात्र स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमधून मोजले जातात.

अध्यापनाच्या ३० गुणांत विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा वाटा मोठा. पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर पूर्ण गुण. सार्वजनिक विद्यापीठाचं घोडं इथेच पेंड खातं. प्राध्यापक निवृत्त झाला की त्याची जागा आपोआप भरली जात नाही. बिंदुनामावली तपासून घ्या, वित्त विभागाची मान्यता आणा, जाहिरात द्या, कोर्टात कुणी गेलं तर थांबा. दरम्यान वर्ग चालवायला सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. तास घ्यायचे आणि तासाचे पैसे घ्यायचे, तेही मिळतील तेव्हा. क्रमवारीच्या यादीत नियमित शिक्षक किंवा निदान सलग दोन सत्रं पूर्णवेळ शिकवणारे लागतात. तासावर आलेला माणूस कितीही चांगलं शिकवत असला तरी त्या रकान्यात तो नाही.

आणि नुकसान एका रकान्यात थांबत नाही. कायम प्राध्यापक नाही म्हणजे पीएच.डी.चा मार्गदर्शक नाही. मार्गदर्शक नाही म्हणजे संशोधक विद्यार्थी नाही, शोधनिबंध नाही, बाहेरून मिळणारा प्रकल्पनिधी नाही. एका रिकाम्या खुर्चीचे गुण अध्यापनात जातात, संशोधनात जातात आणि निष्पत्तीतही जातात, कारण दरवर्षी किती पीएच.डी. दिल्या तेही तिथे मोजतात. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षं जुन्या निबंधांची पुण्याई पुरते, मग एकदम खड्डा दिसतो. ‘एका वर्षात काय झालं’ याचं उत्तर म्हणूनच पाच-सात वर्षं मागे, भरल्या न गेलेल्या जागांत शोधावं लागतं.

खासगी अभिमत विद्यापीठाची घडण याच मोजमापाला अनुकूल असते, आणि यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. त्याच्या छत्राखाली अभियांत्रिकी, विधी, व्यवस्थापन आणि पुष्कळदा वैद्यकीय महाविद्यालयही असतं, आणि हे सगळं एकच विद्यापीठ म्हणून मोजलं जातं. वैद्यकीय महाविद्यालयात नियमानेच शिक्षक भरपूर आणि वैद्यकातल्या शोधनिबंधांची संख्याही मोठी. २०२५ च्या विद्यापीठांच्या यादीत अशाच घडणीचं मणिपाल तिसरं आहे. पहिली दोन आयआयएससी आणि जेएनयू. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाचे मात्र स्वतःच्या आवारातले विभागच मोजले जातात. शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घ्यायच्या, पेपर काढायचे, निकाल लावायचे, पुनर्मूल्यांकन करायचं, हा सगळा व्याप विद्यापीठाचा. फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयांचे गुण मात्र महाविद्यालयांच्या वेगळ्या यादीत.

सर्वसमावेशकता आधी शंभरात मोजतात, आणि त्यांतले तीस गुण परराज्यांतल्या आणि परदेशांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. देशभर आपली प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सिंबायोसिसला ते जमून जातं. राज्याच्या करातून चालणारं पुणे विद्यापीठ नगर, नाशिक, पुणे जिल्ह्यांतल्या मुलांसाठीच काढलेलं. ज्या मुलीच्या घरात कुणी पदवीधर नाही तिला त्याने पदवीपर्यंत आणलं, तर ती ‘स्थानिक’ म्हणून या तीस गुणांत काही भर घालत नाही. मला या साऱ्या सूत्रातला हा भाग सर्वांत खटकतो. मागास घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे गुण आहेत खरे, पण ते वीस. या मोजपट्टीतला वाकडेपणा सरकारलाही जाणवला असावा, कारण २०२४ पासून राज्य सार्वजनिक विद्यापीठांची वेगळी यादी निघू लागली. तीत पुणे पहिल्या वर्षी तिसरं आलं, पुढच्याच वर्षी अकरावं. आपल्यासारख्यांशीच तुलना केली तरी घसरण लपली नाही, हेही इथे नोंदवायला हवं. त्या यादीत वर असलेली जादवपूर आणि अण्णा विद्यापीठंही राज्यांचीच आहेत.

मोजपट्टी जाहीर असली की तिच्या मापाने कपडे शिवणारेही निघतात. चेन्नईतल्या एका दंतवैद्यक महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेत निबंध लिहून घ्यायचे, ते छापायचे आणि त्यांत संस्थेच्याच आधीच्या निबंधांचे संदर्भ पेरायचे, अशी पद्धत असल्याचं ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये उघड केलं. २०२५ पासून मागे घेतल्या गेलेल्या निबंधांसाठी एनआयआरएफने गुण कापायला सुरुवात केली. श्रेणी देणाऱ्या नॅकची गोष्ट आणखी कडू. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या पदाधिकाऱ्यांना आणि नॅकच्या तपासणी समितीतल्या प्राध्यापकांना, चांगल्या श्रेणीसाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली.

लंडनच्या क्यूएस क्रमवारीत तर निम्म्याच्या जवळपास भार प्रतिमेवर आहे: ३० टक्के जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांना, १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या. ज्यांना मत विचारायचं अशा लोकांची यादी विद्यापीठ स्वतःही सुचवू शकतं. अशा याद्या सांभाळायला, परिषदा भरवून ओळखी वाढवायला खासगी विद्यापीठात वेगळा कक्ष आणि पगारी माणसं असतात. सार्वजनिक विद्यापीठात हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून येतं, परीक्षेच्या पर्यवेक्षणासकट.

एवढा आटापिटा कशासाठी? क्रमांकाने नुसती शोभा होत नाही, वाटा उघडतात. पहिल्या शंभरात असाल किंवा नॅकचे किमान ३.२६ गुण असतील, तर ऑनलाइन पदव्या सुरू करता येतात. तिथे ना वर्गखोली लागते ना वसतिगृह. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीनदार शैक्षणिक कर्ज मिळतं. ही निवड कशावरून? एनआयआरएफवरून. खासगी संस्था पहिल्या शंभरात हवी. राज्य शासनाच्या संस्थेला दोनशेपर्यंत सवलत आहे. म्हणजे क्रमांक चांगला तर बँक कर्ज देणार, कर्ज मिळालं की जास्त फी परवडणार, फीतून प्राध्यापक आणि प्रयोगशाळा येणार, त्यातून पुढचा क्रमांक. खासगी विद्यापीठात हे चक्र संस्थेच्या हातात असतं. सार्वजनिक विद्यापीठात त्याची एक कडी मंत्रालयात असते.

पालकांच्या उपयोगाचा भाग मात्र क्रमांकाहून खाली, कागदांत आहे. सहभागी संस्थेने भरलेली माहिती एनआयआरएफच्या आणि संस्थेच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असते. कंटाळवाणी दिसते, पण नीट वाचली तर माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त बोलते. त्यात चार वर्षांच्या पदवीचा एक तक्ता असतो. कल्पनेतले आकडे घेऊ. प्रवेशक्षमता २४०, प्रत्यक्ष प्रवेश १८०, वेळेत पदवी घेतलेले १५०, नोकरी मिळालेले ७५, उच्च शिक्षणाला गेलेले १०, मध्यक पगार साडेसहा लाख. जाहिरातीवर येईल तो शेवटचा आकडा. पण तो फक्त त्या ७५ जणांचा आहे. उरलेल्यांचा पगार शून्य धरून मध्यक काढत नाहीत. १८० मुलं आत आली आणि नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळून ८५ जणांचा पत्ता लागतो, हे त्या एका ओळीत दिसतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा रकाना वेगळा असतो, तोही मिळवून पाहावा.

संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफमध्ये शिक्षकांची यादीही असते: नाव, वय, पद, शिक्षण, अनुभवाचे महिने, रुजू झाल्याची तारीख. लागोपाठ दोन-तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवा. दर वर्षी अर्धी नावं नवी असतील, तर तिथे माणसं टिकत नाहीत. सार्वजनिक विद्यापीठाच्या यादीत नेमकं उलट दिसण्याची शक्यता असते. नावं तीच, वयं वाढत चाललेली, आणि मधली पिढी गायब.

आणखी एक खबरदारी होर्डिंगपुरती. ‘एनआयआरएफमध्ये देशात तिसावे’ असं वाचलं की कशात, ते विचारावं. यादी एक नाही. एकूण, विद्यापीठ, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र अशा कितीतरी आहेत, आणि अमुक ते अमुक असे नुसते गट देणाऱ्याही. दंतवैद्यकातला क्रमांक बीबीएच्या जाहिरातीवर झळकू शकतो. बीबीएला किती पूर्णवेळ प्राध्यापक आहेत आणि त्यांची नावं काय, हे प्रवेश कार्यालयात सरळ विचारा. त्याचं उत्तर लेखी मिळेपर्यंत जागा राखायचे पैसे भरू नका. शेवटची तारीख म्हणून जी सांगतात, ती बहुधा पुढे ढकलली जाते.